आराशीतल्या बसचे आवाज

नाना,

परवापासून माझा पाय घरात ठरत नाही. काल भाजी करपवली, आज सकाळी दूधवाल्यावर उगाच डाफरले, आणि आता दुपारची झोप सोडून कागद घेऊन बसले आहे, ते तुमच्याशी भांडायला. परवा धुळ्याहून आपल्या गल्लीच्या मंडळाचा फोन आला होता. नवा अध्यक्ष, आवाजावरून नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला वाटला, पण बोलायला अदबशीर. म्हणाला, "ताई, यंदा मंडळाचं मोठं वर्ष आहे. नानांची ती जुनी बस पुन्हा उभी करायची ठरलंय. पुतळे गोदामात आहेत, मोटारी नव्या टाकू. फक्त आवाज नाहीये. ती कॅसेट तुमच्याकडे आहे, असं सगळे म्हणतात." आहे माझ्याकडेच. तुमचा आवाज जगात आता तेवढ्यातच उरलाय आणि नेमका तोच ते मागतायत. मी त्या पोराला जे उत्तर दिलं, त्याने माझं मलाच चैन पडेनासं झालंय.

तुमचीच बस तुम्हाला काय सांगायची, असं म्हणाल. पण सांगितल्याशिवाय माझं डोकं शांत होणार नाही. आणि घरात आपण अहिराणी बोलायचो तरी लिहायला बसलं की माझी शाळेतली मराठीच पुढे येते, तेवढं चालवून घ्या. तुम्ही दिवसभर बसच्या वर्कशॉपात फिटर. अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली, माहेरवाशिणी सासरी परत गेल्या, की आपल्या अंगणात गणपतीची आरास सुरू व्हायची. भंगारातल्या वायपरच्या मोटारी, सायकलच्या चेना, पुतळ्यांच्या जबड्यांच्या बिजागऱ्यांसाठी सोनगीरच्या तांबटाकडचा पितळी पत्रा, आणि केसांसाठी यावलच्या मामांनी पाठवलेला केळीच्या खांबाचा वाख. आई करवादायची की लोकांच्या गच्चीवर पापड वाळतात, आमच्या गच्चीवर मुंडकी. बाकीची मंडळं देवादिकांचे देखावे करत. तुम्ही म्हणालात, "आपण बस करू. बसमा बठ्ठा गाव येस." आणि खरंच, सगळा गाव बसेल अशी, एका बाजूने उघडी अख्खी बस उभी केलीत. आत कंडक्टर, कोंबडी घेतलेली म्हातारी, फेटा बांधलेला पुढारी, नवी नवरी आणि ड्रायव्हर. जागेवरून सगळ्यांची भांडणं चाललेली असतात. मधल्या थांब्यावर गणपती चढतो, दांडा धरून उभा राहतो, कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. शेवटी म्हातारी कोंबडी मांडीवर घेते आणि त्याला सरकून जागा देते. गणपतीला एखादं वाक्य द्या, असा मंडळाने किती आग्रह केला. तुम्ही ऐकलं नाहीत. "त्याले बोलानं काम नही. तो ऐकाले येस."

पण बाकीच्या पाचही जणांचं बोलणं तुमचं होतं. बसच्या मागे खुर्ची टाकून, हातात माईक, पायाखाली जबड्यांचे पेडल, असे तुम्ही गणपतीचे सगळे दिवस संध्याकाळी बोलत राहायचात. एक गर्दी पुढे सरकली की दुसरी, खेळ पुन्हा पहिल्यापासून. कंडक्टर खेकसायचा, "पुढे सरका, पुढे सरका, मागे अख्खं पारोळं उभं शे." म्हातारी म्हणायची, "मनी कोंबडीले तिकीट कसाले रे भाऊ? ती तं उभी नही, बठेल शे." नवरीचा लाजरा आवाजही तुम्हीच काढायचात आणि गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. विसर्जनानंतर तुमचा घसा पार बसलेला असायचा, आई हळद-दूध देऊन देऊन थकायची. मग एका वर्षी तो घसा दिवाळी झाली तरी उघडला नाही, संक्रांत झाली तरी नाही. मी तुम्हाला जबरदस्तीने घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दिवा लावून आत पाहिलं, बिडीवरून तुम्हाला झापलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रोजचं चार माणसांशी बोलणं ठीक आहे. पण पण यांनी यंदा गणपतीतलं ओरडणं केलं, तर पुढच्या गणपतीला आवाज असेल याची खात्री मी देत नाही." बाहेर येऊन तुम्ही रसवंतीवर रस प्यायलात आणि डॉक्टरला आरास कळत नाही म्हणालात.

मी तेव्हा जळगावला टेलिफोन एक्सचेंजात टेक्निशियन होते. इलेक्ट्रॉनिक एक्सचेंज नवंच बसलं होतं आणि बटनांचे फोन येऊ लागले होते. बटन दाबलं की सूर वाजतो, प्रत्येक आकड्याचा सूर वेगळा. आपल्या कानाला फरक जेमतेम कळतो, पण यंत्र तो बरोबर ओळखतं आणि ज्याची त्याची लाईन जोडून देतं. दिवसभर तेच पाहत असताना माझ्या डोक्यात आलं की जे यंत्र माणसाला माणसाशी जोडतं, ते आवाजाला पुतळ्याशी का नाही जोडणार? कॅसेटवर आवाजाच्या एकाच वेळी वाजणाऱ्या दोन वाटा असतात, डावी आणि उजवी. डावीकडे तुमचं बोलणं भरायचं, उजवीकडे नुसते फोनचे सूर. एकचा सूर वाजला की आवाज कंडक्टरच्या छातीतल्या स्पीकरला जाईल आणि त्याच्याच जबड्याची मोटर फिरेल. दोनला म्हातारी, तीनला पुढारी, चारला नवरी, पाचला ड्रायव्हर. सूर लोकांना ऐकू यायचेच नाहीत, ते फक्त मी जुळवलेल्या यंत्राच्या डब्याला कळायचे. तुम्ही एकदाच बोलायचं आणि मग गणपती संपेपर्यंत गप्प बसायचं. मी सुटीच्या दिवशी येऊन अंगणात हे सगळं समजावून सांगितलं. तुम्ही बिडी विझवली आणि म्हणालात, "मना आवाज डबामा कसाले भरस? मी काय मरी गऊ का?" आई आतून म्हणाली, "मरू नये म्हणूनच ती करी राह्यनी." त्यावर तुम्ही विझवलेली बिडी उचलून कानामागे खोचलीत.

रेकॉर्डिंगचा दिवस मला आजही अगदी स्पष्ट दिसतो. स्वयंपाकघराच्या खिडक्यांवर गोधड्या टांगल्या आहेत. आईला स्टो लावायची बंदी आहे, म्हणून ती उंबऱ्यात बसून शेंगा सोलते, त्याही आवाज न करता. तुम्ही पाटावर, समोर माईक. मी फोन मांडीवर घेऊन, आणि आपल्या मध्ये तो डबा. त्यावर पाच छोटे दिवे, कुणाची लाईन जोडली गेली ते दाखवणारे. नियम एकच होता, मी बटन दाबायचं, दिवा लागला की तुम्ही त्या माणसाच्या आवाजात बोलायचं. आणि तुम्हाला थांबणं मुळी ठाऊकच नव्हतं. तुम्ही दिव्याच्या आधीच सुरू व्हायचात. मी हात वर करून थांबवायचे. पुन्हा पहिल्यापासून. असं होत होत तुमचं डोकं फिरलं आणि माईकवरच तुम्ही गरजलात, "बटन दाबी दाबी माले बोलाडस का तू? तुना बाप शे मी, तुना फोन नही." मीही काही कमी नव्हते. मी म्हटलं, "माझा बापच मुका होऊ नये म्हणून दाबतेय." आईने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. तुम्ही पाणी प्यायलात, पाटावर नीट मांडी घातलीत आणि त्यानंतर एकदाही दिव्याच्या आधी बोलला नाहीत.

चूक झाली ती माझ्याकडून, आणि ती तुम्ही अशी झेललीत की मी बघतच राहिले. पुढाऱ्याची पाळी होती आणि माझ्या बोटाने म्हातारीचं बटन दाबलं. तुम्ही पुढाऱ्याच्या खर्जात सुरुवात केलेली, "बंधू-भगिनींनो, या गाडीत मी प्रत्येकाला खिडकीची जागा..." आणि तेवढ्यात तुमची नजर दिव्याकडे गेली. श्वाससुद्धा न घेता तुम्ही म्हातारी झालात. "...देसू, बठ्ठास्ले खिडकी देसू, मनी कोंबडीलेबी देसू." आई उंबऱ्यात हसू दाबता दाबता लाल झाली. तेवढ्यात शेजारच्या कुकरची शिट्टी वाजली आणि तीही कॅसेटवर गेली. मी पुन्हा करू म्हटलं, तुम्ही नको म्हणालात. पुढे त्या वाक्यासाठी लोक बसपुढे थांबून राहायला लागले, आणि कुकरची शिट्टी त्यांना कंडक्टरचीच वाटली.

आता गणपतीतला तो पहिला दिवस. मी दुपारी जळगावहून निघाले, पारोळ्याच्या अलीकडे गाडी बंद पडली, आणि पोहोचेपर्यंत मांडवात आरास सुरू झालेली. रिक्षातून उतरले तर कर्ण्यांतून फोनची बटनं वाजतायत. टूं, टीं, टूं. लोक इकडेतिकडे बघून विचारतायत, कुणाचा फोन वाजतोय. नवरी ड्रायव्हरच्या आवाजात शिव्या घालतेय, कंडक्टर कोंबडीसाठी रडतोय. मला जागीच कळलं काय झालं ते. मांडवाच्या साउंडवाल्याने पाहिलं, कॅसेटच्या दोन वायरींपैकी एकच त्याच्या मशीनला लावलीय. त्याला वाटलं, या लोकांचा अर्धा आवाज वाया चाललाय, मागच्या लोकांना ऐकू कसं जाणार? म्हणून त्याने दोन्ही वायरी एकत्र पिळल्या आणि आपले दोन कर्णेही जोडून दिले. सूर आणि बोलणं एकमेकांत मिसळलं आणि डब्याला कुणाची लाईन जोडायची तेच कळेना. लग्नात, सभेत तो तेच करत आला होता, कुणाचा एक कर्णा मुका राहू नये म्हणून. लोक हसत होते, पण ते आपल्याला हसत होते. आणि मग एकदम ते टूं-टीं बंद झालं, कर्ण्यातून एक खोकला ऐकू आला, आणि कंडक्टर नीट, खणखणीत बोलला, "पुढे सरका, पुढे सरका." कॅसेटवर खोकला नव्हता. मी गर्दीत घुसले, कोपरं मारत मागे आले. तुम्ही खुर्चीवर, माईक हातात, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. मी हातवारे करून बंद करा म्हटलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि बोलत राहिलात. त्या संध्याकाळी मांडव रिकामा होईपर्यंत तुम्ही एकही खेळ सोडला नाहीत.

संपल्यावर मी त्या साउंडवाल्याला धरलं. काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण तो बिचारा वायर हातात घेऊन नुसता उभा होता. तेव्हा तुम्ही मागून आलात, त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि मला म्हणालात, "त्याले बोलू नको. त्यानी भलाकरताच करं." आवाज फाटलेला होता, पण शब्द न शब्द कळला. दुसऱ्या दिवशी मी वायरी सुट्या केल्या, पुढचे सगळे दिवस कॅसेट बिनबोभाट चालली, लोकांनी डोक्यावर घेतली. तुम्ही मात्र त्यानंतर कुजबुजण्यापलीकडे गेला नाहीत. दसऱ्याला डॉक्टरांनी गाठ सांगितली, मग मुंबई, ऑपरेशन, आणि गळ्याला ते भोक. डॉक्टर मला पुन्हा पुन्हा सांगत राहिले की एका संध्याकाळच्या ओरडण्याने काही झालं नाही, गाठ आधीचीच होती. मला ते पटतं आणि पटतही नाही. पण खरं सांगू का, माझ्या मनात सलतं ते वेगळंच आहे. तुमच्या तोंडचं शेवटचं धड वाक्य मी ऐकलं, ते माझ्यासाठी नव्हतं. ते तुम्ही त्या साउंडवाल्यासाठी खर्च केलंत. मला त्याचा राग आला होता, अजून येतो.

त्यानंतर आपलं बोलणं म्हणजे फोन. मी जळगावहून करायचे, आई उचलायची, दोन शब्द बोलून तुमच्या हातात द्यायची. तुम्ही काय बोलणार? पहिल्यांदा नुसता श्वास ऐकू आला आणि मला रडू फुटलं. तेव्हा पलीकडून एकदम बटन वाजलं. एकचं. मला क्षणभर कळेना, आणि मग कळलं, कंडक्टर. पुढे सरका, पुढे सरका, रडत काय बसलीस. तिथून आपली भाषा सुरू झाली. एक्सचेंजात दिवसभर सूर ऐकून माझा कान तयार झालेला, आकडा चुकायचाच नाही. मी विचारायचे, बिडी सोडली का, तर तुम्ही तीन दाबायचात, पुढारी, म्हणजे आश्वासन. आईने काही बोलून दुखावलं असलं की दोन, दोन, दोन, म्हातारीचं गाऱ्हाणं. मी नवऱ्याचं कौतुक सांगायला लागले की चार दाबून मला चिडवायचात. पुरे झालं, ठेव आता, म्हणजे पाच, गाडी सुटली. आई म्हणायची, बापलेक मेली टेलिफोनवर टिंगटिंग करत बसतात. मी तुमच्याशी आयुष्यात कधी एवढं मोकळेपणी बोलले नव्हते. पण तुम्ही गेल्यावर लक्षात आलं की माझ्या कानात ते सूरच उरलेत. तुमचा आवाज आठवायला बसलं की बटनं वाजतात. कितीही डोळे मिटून आठवलं तरी तुमची हाक काही येत नाही, नाना. आईला विचारावं तर तीही गेली. सख्ख्या बापाचा आवाज विसरल्याची लाज वाटायची, म्हणून कुणाजवळ बोलले नाही.

मग कॅसेट का ऐकली नाहीस, असं तुम्ही विचाराल. भीती वाटायची. वाटायचं, त्यात कंडक्टर असेल, म्हातारी असेल, तुम्ही नसाल. परवा त्या पोराचा फोन ठेवल्यावर मात्र राहवेना. काल माळ्यावरून जुना टेप काढला, पुसला, ओट्यावर ठेवला आणि लावला. ना बस, ना डबा, ना दिवे. एकच स्पीकर, त्यातून सूर आणि बोलणं सगळं एकत्र. सूर वाजला, कंडक्टर बोलला. सूर वाजला, म्हातारी बोलली. पुढारी बोलला, नवरी लाजली. आणि ऐकता ऐकता मी स्टूल ओढून ओट्यापाशी बसले. बसमध्ये ही माणसं मी वेगवेगळ्या तोंडांतून ऐकली होती, ते तर माझ्याच डब्याचं काम. इथे एका जाळीतून सगळे बोलत होते आणि त्यांत दुसरं कुणी नव्हतंच, तुम्ही एकटे होतात. पुढाऱ्याच्या आधी घसा खाकरणारे तुम्ही. नवरी झाल्यावर श्वासात हसू दाबणारे तुम्ही. मी राबून राबून तुमचा आवाज पाच जणांत वाटला होता. तो वाटणारा डबा नसला की तुम्ही सगळेच्या सगळे माझ्या ओट्यावर होतात. मी भाजी करपेपर्यंत तिथेच बसून राहिले.

आता मंडळाचं. त्या पोराला मी सांगितलं, "कॅसेटला बुरशी लागली रे भाऊ, वाजतच नाही ती." तो बिचारा हळहळला. म्हणाला, "असू द्या ताई, आम्ही दुसऱ्या कुणाकडून आवाज करून घेऊ, पण नानांसारखा नाही होणार." तुमच्या मंडळाशी मी धडधडीत खोटं बोलले. आणि कॅसेटची कॉपी काढून देता येते, मूळ आपल्याकडे ठेवता येते, हे जन्मभर टेलिफोन खात्यात काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको. मला माहीत आहे, तुम्ही असतात तर स्वतः गाडीत बसून ती धुळ्याला पोचवली असती. आरास आपली नसते, गल्लीची असते, हे तुम्हीच मला शिकवलंत. तुमचा आवाज नेहमी गल्लीचाच होता, शेवटच्या वाक्यापर्यंत. मला तो थोडा माझा हवाय, एवढंच. उद्या त्या पोराला फोन करून खरं काय ते सांगेन, असं इथे लिहिणार होते. पण तुम्हाला तरी खोटं कशाला लिहू.